ब्यूकचे फिनवाले ॲल्युमिनियम ड्रम : भंगारातून शोधून हॉट रॉडवर कसे बसवायचे

१९३२ सालच्या फोर्ड व्ही-एटला कारखान्यातून ६५ अश्वशक्तीचं इंजिन मिळायचं आणि ब्रेक असायचे सळ्यांनी ओढले जाणारे. हायड्रॉलिक ब्रेक फोर्डने दिले ते १९३९ च्या मॉडेलपासून. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या गाड्यांचे मडगार्ड उतरवले, इंजिनं फुगवली किंवा सरळ बदलली, आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पिटाळल्या. याच त्या हॉट रॉड. पळवणं जमलं, थांबवण्याचं काय ते मात्र राहून गेलं. पुढे ब्यूकच्या मोठ्या गाड्या भंगारात जाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या पुढच्या चाकांत उत्तर सापडलं: १२ इंची, बाहेरून ॲल्युमिनियमचे फिन, म्हणजे पातळ पात्या, असलेले ब्रेक ड्रम. हॉट रॉडच्या उघड्या पुढच्या चाकामागे दिसणारं ते चकाकतं चक्र म्हणजे बहुतेक वेळा हाच ड्रम.

अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आणि आता गॅरेजमध्ये पहिली जुनी फोर्ड उभी करून ठेवलेल्या आपल्या मंडळींसाठी हा लेख आहे. इंजिनिअर असाल तर बरंच, पण नसाल तरी चालेल. व्हर्निअर वापरता आला पाहिजे आणि घाई नसली पाहिजे. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की नोंदणी झालेल्या गाडीत निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. तिथे हे उद्योग रस्त्यावरच्या गाडीवर करू नयेत.

हे ड्रम लोक फिन बघून विकत घेतात. तुम्ही आतलं बीड (कास्ट आयर्न) मोजून घ्या. पुढचं सगळं त्याच एका गोष्टीभोवती आहे.

ड्रमच्या आत काय असतं

पूर्ण ॲल्युमिनियमचा ड्रम चालत नाही. ॲल्युमिनियम मऊ, ब्रेक शूखाली (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानीखाली) ते खरवडून निघेल. म्हणून आत बिडाचं कडं असतं आणि त्याच्याभोवती ॲल्युमिनियम ओतलेलं असतं. शू घासतो बिडावर. तयार झालेली उष्णता ॲल्युमिनियम बाहेर नेतं आणि फिन ती हवेत सोडतात. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण चौपट वेगाने उष्णता वाहून नेतं. घनतेत ते २.७ आणि बीड ७.२ च्या आसपास, त्यामुळे चाकाजवळचं वजनही उतरतं. खडबडीत रस्त्यावर हलका ड्रम स्प्रिंगांना आवरायला सोपा जातो, आणि पुढे सरळसोट ॲक्सल असलेल्या हॉट रॉडला हा फायदा जाणवतो.

ड्रम ब्रेकचं जुनं दुखणं म्हणजे तापल्यावर जोर जाणं. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलेल्या कुणालाही हे माहीत आहे: लायनिंगची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) पकड कमी होते, वर ड्रम तापून फुगतो आणि शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जातं. ड्रम थंड राहिला तर हे उशिरा होतं.

थांबण्यापुरतंच बोलायचं तर आजचे डिस्क ब्रेक यापेक्षा सरस आहेत. ज्याला गाडी रोज ऑफिसला न्यायची आहे, पावसातून हाकायची आहे, त्याने डिस्क लावावेत. हा खटाटोप १९५० च्या दशकाचं रूप हवं असणाऱ्यांसाठी आहे, आणि नीट जुळवलेले १२ इंची ड्रम हलक्या रोडस्टरला (उघड्या, दोन आसनी गाडीला) पुरून उरतात. मधला मार्ग म्हणून डिस्कवर चढवायचे ब्यूकसारखे दिसणारे फिनवाले मुखवटेही मिळतात. मला ते आवडत नाहीत, पण ब्रेक म्हणून त्यात वाईट काही नाही. त्रास होतो तो असा मुखवटा कुणी जुन्या बाजारात ‘ओरिजिनल ड्रम’ म्हणून गळ्यात मारला तर.

पायरी १ : कोणत्या गाड्यांवर हे ड्रम असतात

१९५० च्या दशकाच्या अखेरपासून १९७० पर्यंतच्या मोठ्या ब्यूक. नावं पाठ करून ठेवा: ले सेबर, इनव्हिक्टा, वाइल्डकॅट, इलेक्ट्रा २२५, आणि १९६३ पासून आलेली रिव्हिएरा. १९५८ च्या जाहिरातींत तर ब्यूकने या हवेने थंड होणाऱ्या ॲल्युमिनियम ब्रेकचा चांगलाच डंका वाजवला होता. ड्रमचा आतला व्यास १२ इंच, शूची रुंदी २.२५ म्हणजे सव्वादोन इंच, चाकाचे बोल्ट पाच आणि ते ५ इंच व्यासाच्या वर्तुळावर.

बहुतेक वर्षांत फक्त पुढचे ड्रम ॲल्युमिनियमचे. मागचे बिडाचे, तेही फिनवाले. धूळ आणि वंगणाखाली दोन्ही सारखेच काळे दिसतात. खिशात चुंबक ठेवा. फिनला चिकटला तर ड्रम बिडाचा. फिनला न चिकटता आतल्या घासण्याच्या पृष्ठभागाला चिकटला तर तुम्हाला हवा तो.

फिनही मोजा. ४५ फिनचे ड्रम असतात आणि ९० फिनचेही. दोन्ही चालतात, पण डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा बसवला तर गाडी कायम विजोड दिसेल. शक्यतो एकाच गाडीची जोडी घ्या. स्कायलार्कसारख्या मधल्या आकाराच्या ब्यूकखाली साडेनऊ इंची ड्रम असतात. विकणारा ‘ब्यूकचा ड्रम’ म्हणाला तरी टेप लावल्याशिवाय मान डोलवू नका.

आणखी दोन नावं कानावर पडतील. पॉन्टिॲकने १९६० ते १९६८ दरम्यान आठ बोल्टांचा एक प्रकार दिला होता, त्यात हब (चाकाचा मधला, बेअरिंगवर फिरणारा भाग) आणि फिनवाला ड्रम एकजीव आणि चाकाची रिम थेट ड्रमवर बोल्ट होते. दिसायला देखणा, पण त्याची रिमही त्याचीच लागते, त्यामुळे पहिल्याच गाडीला तो घेऊ नका. दुसरं, १९८० च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या मध्यम गाड्या, म्हणजे ब्यूक रीगल किंवा शेव्ही (शेव्हरोले) मॉन्टे कार्लो. त्यांतल्या काहींना मागे साडेनऊ इंची ॲल्युमिनियमचे फिनवाले ड्रम असायचे, बोल्टचं वर्तुळ ४.७५ इंच. मागच्या ॲक्सलला शेव्हीचाच बोल्ट पॅटर्न असेल तर पुढे ब्यूक आणि मागे हे, असा संच चांगला जमतो.

पायरी २ : शोध कुठे घ्यायचा

स्वतःच पाना घेऊन जायचं आणि सुटा भाग काढून आणायचा, अशा भंगार यार्डांत आता १९६० च्या दशकातली ब्यूक क्वचितच दिसते. तिथे १९८० च्या दशकातले मागचे ड्रम शोधा. ब्यूकचे ड्रम मिळतात ते स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात: कॅलिफोर्नियात पोमोना, जानेवारीत टरलॉक, पूर्वेकडे पेन्सिल्व्हेनियात कार्लाइल आणि ऑक्टोबरात हर्शी. पोमोनाला उजाडायच्या आत टॉर्च घेऊन फिरणारे लोक दिसतील. चांगल्या वस्तू न्याहारीच्या आधीच जागा बदलतात. पुण्याच्या जुन्या बाजारात वावरलेल्या माणसाला तिथे फारसं परकं वाटणार नाही, भाव करण्याची रीतही तीच: आधी वस्तू, मग तिचे दोष, मग आकडा.

इंटरनेटवरून घ्यायचा असेल तर चार गोष्टी विकणाऱ्याकडून लेखी मागा. आतला व्यास किती, दशांशाच्या तीन स्थानांपर्यंत. तुटलेले फिन किती. हब जोडलेला आहे की वेगळा केलाय, आणि वेगळा केला असेल तर कसा. आतल्या कडेचा जवळून काढलेला फोटो. ‘चांगल्या स्थितीत आहे, टर्न करून घ्या’ एवढंच उत्तर आलं तर ते मोजमाप नव्हे. (टर्न करणं म्हणजे लेथवर आतला पृष्ठभाग कातून सरळ करणं.)

शक्य असेल तिथे ड्रम एकटा न घेता हब, बॅकिंग प्लेट (शू ज्यावर बसतात ती मागची न फिरणारी प्लेट), शू, स्प्रिंगा, सगळं एका गाडीचं उचला. प्लेट पुढे वापराल न वापराल, पण कोणता भाग कुठे बसत होता हे समोर ठेवून मोजता येतं.

पायरी ३ : पैसे देण्याआधी

या पायरीवर वेळ घालवा, इथे सगळं ठरतं.

आधी आतला व्यास. नव्या ड्रमचा १२.००० इंच. जुन्या ड्रमवर कमाल व्यासाचा शिक्का नसतो, कारण तशी सक्ती नंतर आली. १२ इंची ड्रमसाठी कारागिरांचा सर्वसाधारण नियम असा की ६० थाऊपर्यंत, म्हणजे १२.०६० इंचांपर्यंत टर्न करायचं आणि ९० थाऊला ड्रम टाकून द्यायचा. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; आपल्याकडच्या लेथवाल्यांच्या तोंडीही हाच शब्द आहे.) विकत घेताना १२.०६० गाठलेला ड्रम म्हणजे संपलेला ड्रम समजा, कारण तुमच्या हबवर बसवल्यानंतर त्याला एक हलका कट द्यावाच लागणार आहे. १२.०३० च्या आतला मिळाला तर उत्तम.

व्यास एका जागी मोजून भागत नाही. तोंडाशी, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजा. ड्रम मायक्रोमीटर असेल तर काम सोपं. नसेल तर आतला कॅलिपर लावून व्हर्निअरवर वाचा. तोंडाशी व्यास जास्त आणि तळाशी कमी असेल तर ड्रम घंटेसारखा उघडलाय. दोन दिशांत फरक असेल तर तो अंडाकृती झालाय. दोन्ही दोष लेथवर निघतात, पण त्यासाठी बीड खर्ची पडतं आणि ते मोजकंच आहे. तोंडाशी न घासलेल्या भागाची कड उभी राहिलेली असते. तिला नख लावून बघा, म्हणजे किती बीड गेलंय ते मापाआधीच कळतं.

मग भेगा आणि भाजल्याच्या खुणा. निळसर ठिपके म्हणजे तिथे बीड अति तापून कडक झालंय. ते टर्न केल्यावरही पुन्हा उंचवट्यासारखे वर येतात आणि पेडल थरथरतं. केसासारख्या बारीक, उथळ रेषा चालतात. नख अडकेल अशी आरपार भेग, विशेषतः कडेपर्यंत गेलेली, असेल तर ड्रम खाली ठेवा.

ड्रम दोरीला टांगा किंवा बोटावर तोला आणि लाकडी मुठीने हलकेच वाजवा. नाद टिकला पाहिजे. भद्द आवाज आला तर एकतर भेग आहे किंवा बीड आणि ॲल्युमिनियम यांची पकड सुटली आहे. ही पकड सुटणं हा या ड्रमचा खास आजार. दोन वेगळे धातू, मध्ये वर्षानुवर्षांचं पाणी आणि रस्त्यावरचं मीठ. ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड तयार होते. ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाड्यांचे ड्रम या कारणासाठी जास्त बारकाईने बघा. कडेला जिथे बीड आणि ॲल्युमिनियमचा सांधा दिसतो, तिथे दहा थाऊची फीलर पट्टी घालून बघा. कुठेही आत सरकली तर तो ड्रम शोभेचा. सुटलेल्या सांध्यातून उष्णता नीट बाहेर जात नाही, आणि हा दोष दुरुस्त होत नाही.

फिन तुटलेले असणं हा मात्र त्या मानाने किरकोळ दोष. दोन-चार फिनांचे टवके उडाले असतील तर भाव पाडून मागा आणि घ्या. टिग वेल्डिंगने फिन भरून घेणारे कारागीर आहेत, पण वेल्डिंगची उष्णता त्या सांध्यापर्यंत जाते, म्हणून मी टवके तसेच ठेवून घासून गुळगुळीत करण्याच्या बाजूचा.

पायरी ४ : गाडीवरून काढताना

गाडी पक्क्या आधारावर, चाक काढलेलं. ग्रीस कॅप, स्प्लिट पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग. मग हबसकट ड्रम बाहेर यायला हवा. येत नाही, कारण आतली ती उभी कड शूवर अडकते. इथेच लोक घण उचलतात आणि फिन जातात. त्याऐवजी बॅकिंग प्लेटच्या फटीतून ॲडजस्टरचं दातेरी चाक उलटं फिरवून शू आत घ्या. मग रबरी हातोड्याने ड्रमच्या सपाट तोंडावर, फिनांना अजिबात न लागता, गोल फिरत ठोका. पुलरचे पंजेही फिनांत कधी अडकवू नका.

जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला. कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवू नका, झाडूही नको. पाण्यात साबण कालवून फवारा, ओल्या चिंधीने पुसा, चिंध्या पिशवीत बांधून टाका.

पायरी ५ : हबपासून ड्रम सोडवणं

नवख्यांच्या हातून सर्वांत जास्त ड्रम इथेच खराब होतात. चाकाचे स्टड (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते बोल्ट) हब आणि ड्रम या दोन्हींतून जातात, आणि कारखान्यात स्टडच्या मानेभोवतीचा धातू दाबून फुगवलेला असतो. त्या फुगवट्यानेच ड्रम हबला जखडलेला असतो. स्टड सरळ प्रेसखाली ढकलला तर तो फुगवटा ड्रमच्या भोकातून ओढला जातो. भोक फाटतं आणि ड्रमचं तोंड वाकतं. वाकलेलं तोंड म्हणजे डगमगणारं चाक.

म्हणून आधी फुगवटा कापायचा. स्टडवरून ओवता येईल असा पोकळ कटर मिळतो. नसेल तर मापाच्या होल-सॉची मधली ड्रिल काढून तो वापरतात. ड्रिल प्रेसवर, कमी वेगाने, तेल लावून, फक्त फुगवटा जाईपर्यंत. खालच्या ॲल्युमिनियमला कटर लागता कामा नये. मग प्रेसवर हबला खालून भरभक्कम आधार देऊन स्टड एकेक करून बाहेर. हे स्वतः करायची हिंमत नसेल तर मशीन शॉपला द्या, आणि देताना ‘आधी फुगवटा काप’ हे शब्द उच्चारून सांगा.

पायरी ६ : सफाई

कॉस्टिक सोडा, ओव्हन क्लीनर, मशीन शॉपची कॉस्टिकची गरम टाकी यांपासून ॲल्युमिनियम लांब ठेवा, नाहीतर ते अक्षरशः विरघळतं. साधं डीग्रीझर, ब्रश, मग काचेच्या बारीक मण्यांचा किंवा खाण्याच्या सोड्याचा ब्लास्ट पुरे. बिडाचा पृष्ठभाग टेपने झाकून ठेवा. बाहेरून रंग द्यायचाच असेल तर अगदी पातळ. जाड पावडर कोटिंग म्हणजे फिनांना घोंगडी पांघरणं. आणि चाक जिथे टेकतं त्या तोंडावर रंगाचा थेंबही नको. नटांखाली रंग दबत जातो आणि नट सैल पडतात.

पायरी ७ : फोर्डच्या ॲक्सलवर बसवणं

सर्वांत रुळलेला मेळ असा: पुढे जुन्या फोर्डचा सरळ ॲक्सल, त्यावर १९३७ ते १९४८ दरम्यानचे फोर्ड स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं ते दांडे), त्यांना १९४२ ते १९४८ च्या लिंकनच्या बेंडिक्स बॅकिंग प्लेट, आणि वरून ब्यूकचे ड्रम.

फोर्डच्या १९३९ ते १९४८ च्या ब्रेकचाही व्यास १२ इंचच, मग लिंकनच्या प्लेट कशाला, असं कुणी विचारेल. फोर्डचे लॉकहीड पद्धतीचे शू पावणेदोन इंच रुंद आणि दोन्ही शू खाली आपापल्या पिनवर रोवलेले. बेंडिक्स पद्धतीत दोन शू ॲडजस्टरने एकमेकांना जोडलेले असतात. फिरता ड्रम पुढच्या शूला ओढतो, तो मागच्याला ढकलतो, आणि पायाचा जोर आपोआप वाढतो. लिंकनचा शू २ इंच रुंद, ब्यूकच्या सव्वादोन इंची पट्ट्यात सुखाने मावतो. मूळ लिंकन प्लेट दुर्मीळ झाल्या आहेत. त्याच नमुन्यावर नव्याने बनवलेल्या घ्यायला काहीच हरकत नाही, उलट नवख्याने त्याच घ्याव्यात.

आता बोल्ट. ब्यूकचं वर्तुळ ५ इंच, १९४२ ते १९४८ च्या फोर्ड हबचं साडेपाच. जुन्या भोकाच्या जागीच नवं पाडायला गेलात तर दोन्हींच्या मध्यांत जेमतेम पाव इंच अंतर पडतं आणि भोकं एकमेकांत घुसतात. म्हणून नवं वर्तुळ ३६ अंश फिरवा, म्हणजे प्रत्येक नवं भोक दोन जुन्या भोकांच्या बरोबर मध्ये येईल. साडेचार किंवा ४.७५ इंचांचा पॅटर्न हवा असला तरी हीच युक्ती. भोकं हाताच्या ड्रिलने पाडू नका. मिलिंग मशीनवर किंवा रोटरी टेबलवर पाडून घ्या. ब्यूकच्याच ५ इंची वर्तुळाचे नवे हबही मिळतात. ते घेतले तर ड्रमला भोकं पाडायचीच नाहीत, फक्त चाकं त्या पॅटर्नची लागतील.

मधलं भोक दुर्लक्षित राहतं. ड्रम हबवर मध्यभागी बसायला हवा तो या भोकाच्या आधाराने, स्टडांच्या भरवशावर नव्हे. भोक लहान असेल तर बोअर करून घ्या. मोठं असेल तर मध्ये पोलादी रिंग बसवा. हाताने दाबून बसेल इतपत घट्ट.

त्यानंतर सुकी जोडणी: स्प्रिंगा नाहीत, ग्रीस नाही, नुसता हब, ड्रम, प्लेट आणि शू. दोन गोष्टी बघायच्या. एक, शूची पूर्ण रुंदी बिडावर पडते का? प्लेटपासून शूच्या दोन्ही कडा किती अंतरावर आहेत ते मोजा, ड्रममध्ये बिडाचा पट्टा कुठून कुठपर्यंत आहे ते मोजा, दोन्ही कागदावर शेजारी मांडा. शूची कड ॲल्युमिनियमवर किंवा ड्रमच्या तळाच्या वळणावर जात असेल तर हबमागे शिम (पातळ चकती) किंवा प्लेटमागे स्पेसर लागेल. दोन, ड्रमची मागची कड प्लेटला घासते का? बहुतेक वेळा घासते. ती कड लेथवर छाटून घ्यावी लागते. प्लेट आणि ड्रम यांच्यात अर्धा सूत, म्हणजे १/१६ इंच, फट राहिली की पुरे. जास्त छाटलंत तर पाणी आणि खडे आत जातात. छाटताना फिनांच्या मुळापर्यंत जायची गरज पडत असेल तर थांबा. कुठेतरी स्पेसरचं गणित चुकलंय.

सगळं बसलं की स्टड प्रेस करा आणि ड्रम हबवर असतानाच, हबच्या बेअरिंग कपांवरून केंद्र धरून, लेथवर शेवटचा हलका कट घ्या. आधी ड्रम टर्न करून मग हबवर बसवला तर दोन केंद्रांतला फरक तसाच राहतो. डायल इंडिकेटर लावून ५ थाऊच्या आत डगमग आली तर छान. हे करून देणारा लेथवाला आधीच शोधून ठेवा; आज कित्येक दुकानं ड्रम टर्न करतच नाहीत, नवा घ्या म्हणून सांगतात.

चाकाचंही बघा. हा ड्रम फिनांसकट बराच मोठा असतो, १५ इंचांपेक्षा लहान रिम विसरा. १५ इंची रिमसुद्धा उधार आणून, नट कसून, हाताने पूर्ण फेरी फिरवून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका. आतले रिव्हेट आणि वेल्डचे उंचवटे फिनांना लागू शकतात. नव्या हबमुळे चाक बाहेर किती सरकलं तेही याच वेळी मोजा.

पायरी ८ : शू आणि बाकीचं

ड्रम १२.०४० झाला असेल आणि शू १२.००० साठी घासलेला असेल, तर शू फक्त मधोमध टेकतो. खडू लावा, शू ड्रममध्ये हाताने दाबून फिरवा, खडू कुठे पुसला जातो ते बघा. मधल्या दोन तृतीयांश भागात पुसला गेला तर चालेल. फक्त टोकांना पुसला गेला तर अजिबात नाही, तो शू अचानक धरेल. शू ड्रमच्या मापाने घासून देणारी दुकानं कमी उरली आहेत, पण जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्यांकडे चौकशी केली तर सापडतात. घरी सँडपेपरने घासत बसू नका.

बेंडिक्स शू लावताना ज्याचं लायनिंग आखूड तो पुढच्या बाजूला, लांब तो मागे. डावे-उजवे ॲडजस्टर वेगवेगळ्या आट्यांचे असतात, एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी बघायला राहते.

मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) दोन सर्किटांचा घ्या. जुन्या फोर्डचा एकेरी सिलिंडर कितीही अस्सल दिसला तरी एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. ड्रम ब्रेकच्या लाइनीत १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही थोडा दाब टिकवणारा) लागतो. काही मास्टर सिलिंडरांत तो आधीच असतो, तेव्हा दोन लावू नका. पुढे १२ इंची बेंडिक्स आणि मागे एखादा लहान, थकलेला ब्रेक असेल तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी जाम होतील. मागचे ब्रेक याच खेपेला नवे करून घ्या.

ब्रेकला थंड हवा मिळावी म्हणून बॅकिंग प्लेटवर भोकं पाडून त्यावर स्कूप (हवा आत घेणारं तोंड) लावायची जुनी फॅशन आहे. कोरड्या तळ्यावर तिचा उपयोग. सिॲटलसारख्या ओल्या गावात राहत असाल तर आत पाणी घ्यायला तुम्ही स्वतःच दार उघडताय.

पहिली फेरी

रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये आधी चालण्याच्या वेगात थांबून बघा. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल दगडासारखं आहे की स्पंजासारखं. मग ताशी ३० मैलांवरून मध्यम दाबाने थांबा, मधे ड्रम गार होऊ द्या, असं वीसेक वेळा. प्रत्येक थांब्यानंतर लगेच दुसरा नको, आणि तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक कसून गाडी उभी ठेवू नका. घरी आल्यावर हबजवळ हात नेऊन डाव्या-उजव्याची ऊब ताडून बघा. एक बाजू फारच गरम असेल तर तिथला शू घासत राहतोय, ॲडजस्टर दोन दाते मागे घ्या. ५० मैल झाले की चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा कसा, ॲडजस्टर पुन्हा तपासा, आणि एकदा ड्रम उतरवून आत शू कुठे चमकतोय ते बघा. पट्टा सलग आणि सारख्या रुंदीचा दिसला तर ग्रीस कॅप ठोकून बसवा आणि गाडी बाहेर काढा.